शेजघर

डॉक्टर थेमेलिनाने काळ्या फोटोवर पेन्सिल टेकवली.
"इथे. उजव्या थॅलॅमसमध्ये. मसुराएवढा डाग."
आणि मला हसू आलं, साकेलारिस,
दवाखान्यात, चारचौघांत, हसू.

आपल्या जुन्या बोलीत थालामोस म्हणजे नवरीची खोली.
कालिम्नोसच्या त्या घरात तुझ्या आईने सजवलेली.
पलंगावर तांदूळ, नाणी, साखरेतले बदाम,
शेजारणीचं तान्हं पोर आणून लोळवलेलं
(त्याने चादर ओली केली, सगळ्यांनी शुभ मानलं),
आणि दाराची कडी, जी तू पहिल्याच रात्री मोडलीस
आणि अजून बसवायची आहे.

तिला वाटलं, बाई खचली.
तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला,
मग सावकाश सांगत राहिली:
पारव्याच्या अंड्यांसारखे दोन गोळे,
डोक्याच्या पार गाभ्यात,
एकमेकांना टेकून झोपल्यासारखे.
डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, कातडीला कळलेलं
आधी इथे येतं,
कोण, कुठून, कशासाठी ते सांगतं,
मगच त्याला वर सोडतात, सुरकुतलेल्या सालीकडे.
"आणि वरूनही निरोप येतात खाली," ती म्हणाली,
"येणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त.
हे ऐक, ते नको, तिकडे लक्ष दे."
म्हणजे वरच्या मजल्यावर सासूबाईच, मी म्हणाले.
ती पहिल्यांदा हसली.

खोलीच्या खाली म्हणे बदामाएवढं स्वयंपाकघर.
तहान, भूक, अंगाची ऊब तिथे शिजते.
ते शाबूत आहे.
म्हणून तर तू आठाच्या ठोक्याला ताट मागतोस
आणि मटणात मीठ कमी म्हणून कुरकुरतोस.
मागे चिलगोज्याएवढी एक गाठ,
अंधार पडला की घरभर कळवणारी.
तीही ठीक.
रात्री दार ओढून घेतलं जातं, मग झोप,
मग माझं घोरणंही तुझ्यापर्यंत पोचत नाही.
पोचत नव्हतं.

आता चादर डाव्या हाताला लागली तरी तू ओरडतोस.
सुती चादर. धुऊन धुऊन सायीसारखी झालेली.
हातात दोष नाही, चादरीत नाही.
मधला निरोप्या बावचळलाय,
त्याला "कापूस" म्हणून सांगावं
आणि त्याने वर जाऊन "निखारा" म्हणावं.
छत्तीस वर्षं मी तुझ्या डावीकडे झोपले.
फेब्रुवारीपासून जमिनीवर झोपते.

निघताना थेमेलिना दारात थांबली.
"वास तेवढा वेगळा.
तो या खोलीत थांबत नाही आधी.
परसदाराने सरळ आत शिरतो."
का, मी विचारलं.
तिने खांदे उडवले. "जुनं घर आहे, मावशी.
ती वाट बहुधा या दारांच्या आधीची."

काल नोमिकॉसच्या नातवाच्या बोटीवरून
मी एक कच्चा स्पंज मागून आणला.
काळा, चिकट, कातडी न सोललेला,
बादलीत असा घाणेरडा की मांजरही पळालं.
मी आयुष्यभर कात्रीने छाटले ते सोनेरी, धुतलेले;
हा तुझ्या वाट्याचा.
डेकवर पायाखाली दूध निघेपर्यंत तुडवलेला,
रात्री जो तुझ्या केसांत घरी यायचा
आणि जेव्हा मी नाक दाबून तुला न्हाणीत ढकलायचे.

बादली तुझ्या उशाशी ठेवली.
काही बोलले नाही.
तू डोळे मिटलेस. नाकपुड्या हलल्या.
मला वाटलं, आता रडेल, आता नाव घेईल
समुद्राचं, तरुणपणाचं, माझं.

"वेळेत तुडवला नाही," तू म्हणालास.
"कुणाचं गाढव आहे बोटीवर?"

मग बराच वेळ शिव्या दिल्यास,
एकेका बोटीला, नावानिशी,
बुडालेल्यांनासुद्धा.
हात चादरीवर तसाच पडून होता, विसरलेला.

बादली अंगणात ठेवून आले.
दिवा मालवला.
आणि बोटभर अंतर राखून
डावीकडेच आडवी झाले.